तळेगाव ढमढेरे ते नेपाळ, ईव्हीने जाता येतं का?

येतं. धास्ती असते ती चार्जिंगची. पण नेपाळमध्ये सध्या विकल्या जाणाऱ्या नव्या कारपैकी निम्म्याहून जास्त इलेक्ट्रिक आहेत, त्यामुळे मुख्य हायवेवर चार्जर मिळतात. तिथे चिनी गाड्याही भरपूर, म्हणून चार्जरला आपला सीसीएस-२ प्लग आहे ना, हे आधी बघा. घाट चढताना बॅटरी भराभर उतरते, हेही धरून चाला.

खरी मेख विम्यात आहे. नेहमीची पॉलिसी भारतापुरतीच असते. जास्तीचा प्रीमियम भरून तिच्यात नेपाळ जोडून घ्या, नाहीतर तिकडच्या अपघाताचा खर्च तुमच्याच खिशातून. सोनौली सीमेवर आरसी आणि लायसन्स दाखवून ‘भन्सार’, म्हणजे कस्टमचा परवाना काढायचा. जितके दिवस, तितके पैसे. पासपोर्ट नसेल तर मतदार ओळखपत्र चालतं.