नागपूरकर भोसल्यांची राणी बाकाबाई : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना :
राजघराण्यातील स्त्रियांचा इतिहास बहुधा पती वा पुत्राच्या चरित्रातील तळटीप म्हणून लिहिला गेला आहे. चीनच्या मांचू दरबारात राजमाता त्सीशी हिने इ.स. १८६१ नंतर बालसम्राटांच्या नावे सत्ता चालविली, हे सर्वश्रुत आहे. त्यापूर्वी चार दशके नागपूरच्या गादीमागे द्वितीय रघुजी भोसले यांची पत्नी बाकाबाई उभी होती. प्रस्तुत लेखात तिच्या राजकीय भूमिकेचा विचार केला आहे.

पार्श्वभूमी :
वऱ्हाडात दीर्घकाळ निजाम व भोसले यांचा दुअमली कारभार होता. इ.स. १८०३ मध्ये अडगाव व गाविलगड येथील पराभवानंतर १७ डिसेंबर रोजी देवगावचा तह झाला आणि वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेशावरील हक्क रघुजीस सोडावा लागला. वरूड, शेंदूरजनाघाट हा सातपुड्याच्या पायथ्याचा टापू याच पश्चिम तीरावरचा. बाकाबाईच्या वाट्यास आले ते असे संकोच पावलेले राज्य.

राजमाता :
२२ मार्च १८१६ रोजी रघुजी मरण पावला. त्याचा पुत्र परसोजी शरीराने व मनाने दुबळा होता. गादीभोवती दोन पक्ष पडले. चुलतभाऊ मुधोजी उर्फ आप्पासाहेब याने बाकाबाईच्या पक्षावर मात करून कारभार हाती घेतला आणि मे १८१६ मध्ये इंग्रजांशी तैनाती तह केला. फेब्रुवारी १८१७ मध्ये परसोजीचा खून झाला. नोव्हेंबर १८१७ मधील सीताबर्डीच्या लढाईनंतर आप्पासाहेब पदच्युत झाला. इ.स. १८१८ मध्ये रघुजीच्या मुलीचा मुलगा बाजीबा यास तृतीय रघुजी या नावाने गादीवर बसविण्यात आले. तो अल्पवयीन असल्याने बाकाबाई पालक ठरली. परंतु मुलकी कारभार रेसिडेंट जेंकिन्स याच्या हाती होता. राजवाडा व मुलाचे संगोपन बाकाबाईकडे, वसुली व फौज इंग्रजांकडे, अशी ही विभागणी इ.स. १८२६ च्या तहापर्यंत टिकली.

राज्याचा अस्त :
११ डिसेंबर १८५३ रोजी तृतीय रघुजी निपुत्रिक वारला. राणीवशाने यशवंतराव अहेरराव यास दत्तक मानले. डलहौसीने ते नाकारले. इ.स. १८१८ मध्ये जिंकलेले राज्य कंपनीने देणगी म्हणून दिले होते, असा त्याचा युक्तिवाद होता. इ.स. १८५४ मध्ये राज्य खालसा झाले. हत्ती, घोडे, बैल लिलावात गेले. जडजवाहीर कलकत्त्यास रवाना झाले. वृद्ध बाकाबाईने या जप्तीस विरोध केला, लंडनपर्यंत दाद मागितली. पण निर्णय बदलला नाही. निजामाकडून वऱ्हाड इ.स. १८५३ मध्येच कंपनीच्या व्यवस्थेखाली आले होते. त्यामुळे वर्धेचे दोन्ही तीर वर्षभरात एकाच सत्तेखाली गेले.

इ.स. १८५७ चा प्रश्न :
जून १८५७ मध्ये नागपुरात अनियमित घोडदळाचा उठाव ठरला असताना बाकाबाईने आपल्या आप्तांना त्यापासून दूर ठेवले व इंग्रजांची बाजू घेतली. यावरून तिला केवळ इंग्रजधार्जिणी म्हणणे सोपे आहे. मात्र सीताबर्डीचा परिणाम तिने डोळ्यांनी पाहिला होता. राज्य गेले होते. घराण्याचे नाव व दत्तकाचा हक्क एवढेच शिल्लक होते. इ.स. १८५८ मध्ये तिचा मृत्यू झाला. त्यानंतर दत्तकपुत्र जानोजी यास देऊरच्या राजाबहादूर या किताबासह मान्यता मिळाली. राज्य मात्र परत मिळाले नाही.

निष्कर्ष :
बाकाबाईजवळ अधिकार होता, सत्ता नव्हती. तिच्या निष्ठेने घराणे वाचले. परंतु तिच्या नगरातील उठावास राजघराण्याचे नेतृत्व लाभले नाही, ही त्या निष्ठेची किंमत होय. एकाच कृतीच्या या दोन्ही बाजू लक्षात घेतल्याशिवाय तिचे मूल्यमापन पूर्ण होत नाही. विदर्भाच्या अभ्यासक्रमात तिला आप्पासाहेबाच्या कथेतील दुय्यम पात्र न मानता स्वतंत्र स्थान देणे इतिहासास धरून होईल.