पूजेतली केरसुणी

गेल्या दिवाळीत त्र्यंबकेश्वरचा एक जुना वाडा आतून पाहण्याचा योग आला. माझ्या महाविद्यालयातील एका सहकाऱ्याचा तो वडिलोपार्जित वाडा. घरची मंडळी नाशिक-पुण्याला पांगलेली. पण दिवाळीचे चार दिवस सगळी एकत्र येतात आणि वाडा उघडतात. "सर, तुम्ही इतिहासाचे. लक्ष्मीपूजनालाच या," असे त्यांनी आग्रहाने सांगितले. मी गेलो. माझ्या घराण्यात असल्या वाड्याच्या पुढच्या दाराने आत जाणारा मी पहिलाच, हे त्यांना ठाऊक नसावे.

दिंडी दरवाजाला झेंडूचे तोरण होते. गावगाड्यात सणाचे तोरण बांधणे हे मांगाचे काम. इथले बाजारातून आणलेले. ओसरीच्या कडेने पणत्या, चौकात रांगोळी, तेल चोळून काळेभोर चकाकणारे लाकडी खांब. वाडा देखणा दिसत होता. तो देखणा नव्हता असे लिहिणे खोटेपणाचे होईल, आणि आपल्या चळवळीला तसल्या खोटेपणाची गरज नाही.

"हा पेशवाईतला," सहकारी म्हणाले. त्र्यंबकला पेशवाई वेगळी सांगावी लागत नाही. नानासाहेब पेशव्यांनी १७५५ मध्ये तिथले काळ्या पाषाणाचे मंदिर बांधायला घेतले आणि ते १७८६ मध्ये पुरे झाले. नानासाहेब १७६१ मध्येच वारले, तरी मंदिर त्यांच्या नावावर आहे. ३१ वर्षे ज्यांनी तो दगड फोडला, वाहिला आणि चढवला, त्यांतल्या एकाचे तरी नाव यात्रेकरूला कोणी सांगते काय?

बांधकामाचा इतिहास आमच्या बाजूने लिहिला एका मुलीने. जोतीराव फुल्यांच्या शाळेत शिकणाऱ्या, मांग समाजातल्या मुक्ता साळवेचा निबंध १८५५ मध्ये 'ज्ञानोदय'मध्ये छापून आला. आम्हाला आमच्या जागेवरून हुसकून मोठमोठ्या इमारती उठल्या आणि त्या इमारतींच्या पायात तेल-शेंदूर पाजून आमचीच माणसे पुरली, असे तिने लिहिले. तेव्हा ती अवघी १४ वर्षांची होती आणि पेशवाई जाऊन पुरती ४० वर्षेही झाली नव्हती. तिच्या आजी-आजोबांनी पाहिलेला काळ होता तो. या वाड्याच्या पायात कोणी आहे असा आरोप मी करीत नाही. परंतु वाड्याचे कोरीवकाम शिकवताना मुक्ताचा निबंध वगळणाऱ्या अभ्यासक्रमाला मी इतिहास म्हणणार नाही.

चोखोबांची कथा आपल्याला ठाऊकच आहे. १३३८ साली मंगळवेढ्याला गावकूस बांधताना ते कोसळले आणि त्याखाली ते दडपून गेले. त्यांचे मंदिर बांधावे म्हणून विसाव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात आपली माणसे याच त्र्यंबकला जमली होती. बाबासाहेबांच्या सल्ल्याने ठरले, की मंदिरापेक्षा अस्पृश्यतेचा कलंक धुऊन काढणे हेच चोखोबांचे खरे स्मारक. ज्या गावात देवळासाठी ३१ वर्षे पैसा ओतला गेला, त्याच गावात आपल्या लोकांनी देऊळ नको म्हटले. वाडा दाखवणाऱ्या सहकाऱ्यांना हे मी सांगितले. "असं का? ऐकलं नव्हतं," ते म्हणाले. प्रामाणिकपणे म्हणाले.

तिन्हीसांजेला देवघरापुढे पूजा मांडली होती. चौरंगावर लक्ष्मीचा फोटो, चांदीची नाणी, वह्या, लाह्या-बत्तासे. शेजारी कोरी केरसुणी उभी, तिला हळदकुंकू लावलेले. घरातली सगळी तिच्या पाया पडत होती.

माझे लक्ष तिच्यावरून हलेना. शिंदीच्या पानांची ती केरसुणी वळणारे हात मांगाचे. पेशव्यांच्या पुण्यात अस्पृश्याला कमरेला झाडू बांधून चालावे लागे, आपल्या पावलांची धूळ आपणच पुसत, हे बाबासाहेबांनी १९३६ साली लाहोरच्या जात-पात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या भाषणात नमूद केले आहे. घरात आली की लक्ष्मी, आमच्या कमरेला बांधली की विटाळाची खूण. वस्तू एकच आणि ती बनवणाराही तोच.

आमच्या घरी दिवाळी म्हणजे केरसुण्यांचा हंगाम. महिनाभर आधीपासून घरात शिंदी भिजत पडलेली असे. आईच्या बोटांना चिरा पडत. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी ती सिन्नरच्या बाजारात रस्त्याच्या कडेला बसे. काही बायका केरसुणी विकत घेत, बाजूला ठेवत, पाणी शिंपडत आणि मग पिशवीत घालत. पाणी कशासाठी ते मला तेव्हा कळत नव्हते. आईला कळत होते. ती पैसे मोजीत राही. माझी पाठ्यपुस्तके त्याच पैशांतली.

आरती झाली. घरातल्या आजींनी माझ्या हातावर लाह्या-बत्तासे ठेवले आणि मायेने विचारले, "तुमच्याकडे लक्ष्मीपूजन कसं करता?"

"आजी, आमच्याकडे त्या दिवशी केरसुण्या विकायच्या असायच्या. आई दिवे लागल्यावर घरी यायची."

आजींनी एकदा केरसुणीकडे पाहिले, एकदा माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत. सहकारी मला माडीची नक्षीदार तक्तपोशी दाखवायला घेऊन गेले.

घरी परतल्यावर आईला सारे सांगितले. वाडा, पणत्या, पूजा. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतले आणि विचारले, "बांधनी कशी व्हती रं? मुठीपाशी सैल का घट?"

ते मी पाहिले नव्हते.