बंदर आणि तट

घोडबंदरच्या नावात बंदर आहे आणि माथ्यावर किल्ला. अरबांचे घोडे येथे उतरत, म्हणून हे नाव पडले असे सांगतात. खाडीकाठच्या टेकडीवरचा हा किल्ला पोर्तुगीजांनी बांधला. १७३७ च्या साष्टीच्या मोहिमेत तो मराठ्यांकडे आला. धक्का येणाऱ्याला घेण्यासाठी, तट त्याला अडविण्यासाठी. संगणकांच्या जगातही आधी धक्का झाला, तट पुष्कळ मागाहून. त्या तटाची हकीकत आम्हांस आज सांगावयाची आहे.

एका संगणकावरील फाइल दुसऱ्यावर नेण्याचे नियम एप्रिल १९७१ मध्ये अभय भूषण यांनी लिहून काढले. ते कानपूरच्या आय.आय.टी.चे पदवीधर, तेव्हा अमेरिकेत एम.आय.टी.मध्ये होते. एफ.टी.पी.चा उगम तो हा. जाळ्यावरची मंडळी तेव्हा मोजकी, बहुतेक विद्यापीठांतली. आत आलेल्या पाहुण्याने घरभर हिंडू नये, ही चिंता त्या काळची नव्हे. एकाच सर्व्हरवर शंभर दुकानदारांची खाती राहू लागली, तेव्हा ती खरी जाणवली.

तट आला तो आडवाटेने. १९७९ च्या युनिक्सच्या सातव्या आवृत्तीत 'क्रूट' नावाची सोय होती. एखाद्या प्रोग्रॅमला 'हा फोल्डर म्हणजेच तुझे सारे जग' असे ती सांगते. मग त्याबाहेरच्या वाटा त्याला दिसतच नाहीत. बर्कलीच्या मंडळींनी निनावी पाहुण्यांसाठी ती एफ.टी.पी.ला जोडली. वास्तविक ही सोय तुरुंग म्हणून घडविलेली नव्हती. सर्वाधिकार असलेला प्रोग्रॅम तिच्यातून निसटू शकतो.

याचे प्रत्यंतर २०११ मध्ये आले. फ्रीबीएसडीच्या एफ.टी.पी. सर्व्हरवर एक हल्ला उघडकीस आला. कोंडलेल्या माणसाला आपल्या जगाच्या मुळाशीच लिहिता येत असेल, तर तो तेथे खोटी 'ईटीसी' आणि 'लिब' फोल्डरे मांडतो. सर्व्हर त्यांतली फाइल विश्वासाने उचलतो आणि ती आपल्या अधिकाराने चालवितो! लगेच व्हीएसएफटीपीडी या सर्व्हरने नवा दंडक घातला : कोंडलेल्याचा मूळ फोल्डर त्यालाच लिहिण्याजोगा असेल, तर प्रवेश बंद. काल चालणारी खाती एकाएकी अडली. व्यवस्थापक चिडले, आणि २०१२ च्या तिसऱ्या आवृत्तीत हा दंडक उठविण्याची मुभा मिळाली.

मुभेची ती एक ओळ टाकून मोकळे होणारे पुष्कळ. आमच्या मते ही तटाला पाडलेली खिंडच. काम मोठे नाही. मूळ फोल्डर सर्वाधिकाऱ्याच्या मालकीचा ठेवावा, त्यात इतर कोणास लिहू देऊ नये, आणि आत 'अपलोड'सारखा एक फोल्डर करून तो तेवढा वापरणाऱ्याच्या हवाली करावा. ओपनएसएसएचने २००८ मध्ये कोंडण्याची सोय दिली ती याच अटीवर : वाटेतला एकही फोल्डर दुसऱ्याला लिहिण्याजोगा असेल, तर दारच उघडत नाही. शिवाय तेथे परवलीचा शब्द सांकेतिक होऊन जातो, साध्या एफ.टी.पी.त तो वाटेत कोणालाही वाचता येतो.