हिंगोलीच्या छावणीतील एक दिवस

हिंगोली जिल्ह्यातील पुसेगावसारख्या गावांतून सहली निघतात त्या बहुधा औंढा नागनाथाकडे किंवा नर्सी नामदेवाकडे, आणि ज्या मुलखाला ज्योतिर्लिंगाचे व संतांचे एवढे वैभव लाभले, तेथे ते स्वाभाविकच होय. परंतु इंग्रजी अमदानीच्या खुणा पाहावयाच्या तर मुंबई-पुणे गाठावे लागते, हा जो समज आपल्याकडे रूढ आहे, तो टाकून द्यावयास हवा. कारण ज्या हिंगोलीस आपण कचेरीच्या नि बाजाराच्या कामासाठी नित्य जातो, तेथेच इंग्रज अंमलदारांच्या हुकमतीखालील फौजेची छावणी १९०३ पर्यंत नांदत होती. पायदळाची पलटण, घोडदळाचा रिसाला, तोफखाना, निवृत्त शिपायांचा पेन्शनपुरा आणि या सर्वांना रसद पुरविणारा सदर बाजार ही मोहल्ल्यांची नावे आजही लोकांच्या तोंडी आहेत, आणि जाणत्या शिक्षकाने त्याच क्रमाने मुलांना हिंडविले, तर छावणीची सारी रचना त्यांना पायी चालता चालता उलगडेल.

१८१३ च्या सुमारास हैदराबादचा इंग्रज रेसिडेंट हेन्री रसेल याने निजामाच्या नावाने कवायती पलटणी उभ्या केल्या, आणि त्यांतूनच पुढे हैदराबाद कंटिंजंट म्हणून ओळखली गेलेली, हिंगोलीच्या छावणीत नांदणारी फौज वाढीस लागली. अंमलदार इंग्रज, हुकूम रेसिडेंटचा आणि पगार मात्र निजामाच्या खजिन्यातून, अशी ही विलक्षण व्यवस्था होती. तो पगार भागविण्यासाठी निजामाचा पेशकार चंदुलाल याने पामर कंपनीच्या पेढीकडून जबर व्याजाने कर्जे उचलली. देणे तुंबत गेले, आणि अखेर १८५३ च्या तहान्वये याच फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेले. खजिना भरत होता तो रयतेच्या साऱ्याने. तेव्हा या छावणीचा खरा पोशिंदा आमच्याच काळ्या मातीत राबणारा कुणबी होता, हे मुलांना तोफखान्यात उभे करून सांगितलेच पाहिजे.

ही फौज कोणावर चालून गेली, हेही सांगितले पाहिजे. १८१९ च्या जानेवारीत मेजर पिटमन याने याच परिसरातील हटकर नाईकांच्या नव्हा येथील गढीस वेढा घातला, आणि निकराने लढणाऱ्या शिबंदीचा संहार करून ती सर केली. तिचे नाव पुढे पलटणीच्या निशाणावर युद्धसन्मान म्हणून झळकले. १८५८ मध्ये कंटिंजंटचे शिपाई इंग्रज सेनापती सर ह्यू रोजच्या सैन्याबरोबर झाशीवरही गेले.

सदर बाजारात मात्र क्षणभर अधिक थांबावे. इंग्रज अंमलदार मेडोज टेलर याने १८३९ साली प्रसिद्ध केलेल्या ‘कन्फेशन्स ऑफ अ ठग’ या कादंबरीच्या प्रस्तावनेत हिंगोलीच्या हरिसिंगाची हकीकत नमूद आहे. हा वरकरणी येथला प्रतिष्ठित व्यापारी, आतून मात्र ठग. इंग्रज अंमलदारांचा त्याच्याशी व्यवहार असे. जिल्ह्याचा मुलकी कारभार पाहणाऱ्या कॅप्टन रेनॉल्ड्सकडून त्याने मुंबईहून कापड आणण्याचा परवाना मिळविला. मग तेच कापड घेऊन येणाऱ्या दुसऱ्या व्यापाऱ्याचा, त्याच्या माणसांसह, वाटेत खून केला, आणि तो माल त्याच परवान्याच्या आधारे छावणीत आणून राजरोस विकला. ठगीचा बीमोड हे इंग्रजी राज्याचे निःसंशय लोकोपकारी कार्य होते, आणि ते मोकळेपणाने मान्य करणे हाच इतिहासाचा धर्म होय. परंतु पहारेकऱ्यांच्या नजरेसमोर असा मनुष्य वर्षानुवर्षे नांदला, हेही तितकेच खरे.

छावणी गेली, १९४८ साली निजामीही गेली, आणि १९९९ मध्ये हिंगोली जिल्ह्याचे ठाणे झाले. परक्यांच्या वास्तू पाहून दिपून जाणे किंवा चिडून पाठ फिरविणे या दोन्ही गोष्टी सोप्या आहेत. त्या कोणाच्या पैशाने उभ्या राहिल्या, कोणाच्या रक्ताने राखल्या गेल्या आणि त्यांतून रयतेच्या पदरी काय पडले, असे तीन प्रश्न विचारावयास जी सहल मुलांना शिकवील, तीच खऱ्या अर्थाने इतिहासाचे शिक्षण ठरेल, आणि पुसेगावच्या मुलास त्यासाठी जिल्ह्याची वेस ओलांडण्याचेही कारण नाही.