कर्जत + खालापूर : शब्द जोडण्याचा इतिहास

१/७
मोडी शिकणाऱ्याला अक्षरे ओळखू येऊ लागली, तरी एक अडचण उरतेच : शब्द कोठे संपतो? आधी रेघ आखायची आणि तिच्याखाली शब्दांत जागा न सोडता लिहीत जायचे, ही मोडीची रीत. ‘नेरळकडावकशेळे’ ही कर्जत तालुक्यातील तीन गावे आहेत, हे ज्याला ती गावे ठाऊक आहेत त्यालाच कळते.

२/७
संगणकापुढेही हाच प्रश्न आला. संगणकीय भाषेत मजकुराला ‘स्ट्रिंग’ म्हणतात. स्ट्रिंग म्हणजे अक्षरांची माळ. १९६२ मध्ये अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये फार्बर, ग्रिसवोल्ड आणि पोलोन्स्की यांनी खास मजकुरासाठी ‘स्नोबॉल’ ही भाषा घडवली. तिच्यात दोन माळा शेजारी लिहिल्या की त्या जोडल्या जात. पुढे पर्लने (१९८७) त्यासाठी टिंब वापरले, तर जावा आणि पायथॉनने अधिकचे चिन्ह.

३/७
चिन्ह सोपे असले, तरी काम महाग असते. जावात तयार झालेली माळ बदलत नाही. प्रत्येक जोडणीला नवी माळ बनते आणि जुना मजकूर पुन्हा उतरवला जातो. १००० गावांची नावे अशी एकेक करून जोडली, तर सुमारे ५ लाख वेळा नाव उतरवावे लागते. म्हणून पायथॉनचे ‘जॉइन’ आधी एकूण लांबी मोजते आणि मग सारे एकदाच उतरवते. शिवाय ते प्रत्येक सांध्यावर खूण ठेवू शकते : ‘चौक, वावोशी, खोपोली’. मोडीत नसलेली जागा ती हीच.

४/७
देवनागरीत आणखी एक गंमत आहे. १९९१ च्या युनिकोडमध्ये देवनागरीची मांडणी ‘इस्की’ या भारतीय मानकावर बेतली गेली. तीनुसार ‘कर्’ मध्ये ३ संकेत आहेत (क, र, हलन्त) आणि ‘जत’ मध्ये २. जोडल्यावर ‘कर्जत’ मध्ये ५. डोळ्यांना मात्र आधी २ आणि २ अक्षरे दिसतात, जोडल्यावर ३! र् चा रफार होऊन तो ‘ज’च्या डोक्यावर जातो आणि सांधा दिसेनासा होतो.

५/७
सांधा हरवला की काय बिघडते? महाराष्ट्रात कर्जत तालुके दोन आहेत : एक रायगडात, दुसरा अहिल्यानगरात. संगणकाला दोन्ही माळा तंतोतंत सारख्या. म्हणून नोंदीत जिल्हा जोडावा लागतो.

६/७
पण जिल्ह्यांचीही नावे बदलतात. १९८१ मध्ये कुलाब्याचे रायगड झाले, २०२४ मध्ये अहमदनगरचे अहिल्यानगर. ‘कर्जत, कुलाबा’ अशी एकच माळ साठवणाऱ्याला प्रत्येक नोंद शोधून दुरुस्त करावी लागते. एखादी सुटली, की ‘कर्जत, रायगड’ असा शोध घेणाऱ्याला ती सापडत नाही. कागद असूनही नसल्यासारखा होतो. गाव, तालुका आणि जिल्हा वेगळे ठेवणाऱ्याला मात्र एकाच ठिकाणी बदल पुरतो.

७/७
मोडी कागदांच्या सूची आज संगणकावर उतरवल्या जात आहेत. हे काम तुमच्या हाती आले, तर तुकडे वेगळे साठवा आणि जोड फक्त दाखवताना द्या. जोडायला क्षण पुरतो. जोडलेले पुन्हा नेमक्या जागी तोडायला त्या मुलखाचा जाणकार लागतो, आणि तो दर वेळी शेजारी बसलेला नसतो.