पडत्या काळातील वीर

जिंकल्यावर हार आणि हरल्यावर दगड या आपल्याकडील प्रेक्षकांच्या जुन्या रिवाजाचा इतिहास १९७१ सालापासून सांगावा लागेल. त्या साली अजित वाडेकरांच्या भारतीय क्रिकेट संघाने प्रथम वेस्ट इंडीजमध्ये व मागाहून इंग्लंडमध्ये मालिका जिंकली, तेव्हा मुंबईने सांताक्रूझपासून ब्रेबॉर्नपर्यंत त्यांची मिरवणूक काढली आणि इंदुरात त्या पराक्रमाचे स्मारक म्हणून भव्य बॅट उभारली गेली. परंतु १९७४ च्या जूनमध्ये लॉर्ड्सवर भारताचा डाव ४२ धावांत आटोपला, मालिका ०-३ अशी गेली, आणि ज्या शहराने हार घातले त्याच शहरात कर्णधाराच्या घरावर दगड पडले. इंदूरच्या बॅटीलाही डांबर फासण्यात आले. पश्चिम विभागाच्या संघातून वगळले जाताच वाडेकरांनी निवृत्ती पत्करली.

सचिन तेंडुलकरांचा मामला याहून गुंतागुंतीचा होता. कोपराच्या शस्त्रक्रियेनंतर ऑक्टोबर २००५ मध्ये नागपुरास ९३ धावा करून ते परतले आणि डिसेंबरात दिल्लीस त्यांनी ३५ वे कसोटी शतक झळकावून गावसकरांचा विक्रम मोडला. तरीही मार्च २००६ मध्ये वानखेडेवर २१ चेंडूंत १ धाव करून ते बाद झाले, तेव्हा त्यांच्याच नगरीतील काही प्रेक्षकांनी त्यांची हुर्यो उडविली.

हे झाले मैदानाजवळच्या प्रेक्षकांचे; मराठवाड्याच्या भोकरदन भागातील पिंपळगाव रेणुकाईसारख्या गावांना मात्र मुंबईचे मैदान दूरचे. अशा मुलखात बाळ ज. पंडितांच्या रेडिओवरील मराठी समालोचनाने क्रिकेट कानांवाटे पोहोचविले. ज्याला ना हार घालता येतो ना दगड मारता येतो, अशा श्रोत्याच्या मनात ‘आता याने थांबावे’ आणि ‘आजचा दिवस तरी याचा असावा’ या दोन्ही इच्छा एकाच वेळी नांदतात, आणि माझ्या मते हीच प्रेक्षकधर्माची निर्मळ अवस्था होय.

खेळ उतरला असे स्पष्ट म्हणण्याचा प्रेक्षकास पूर्ण अखत्यार आहे. मात्र गतकाळातील पराक्रम हा भावी यशाचा करारनामा समजून त्याची वसुली करणे हा अन्याय आहे, कारण खेळाडूने तसा दस्तऐवज कधीच लिहून दिलेला नसतो. नोव्हेंबर २०१३ मध्ये त्याच वानखेडेवर तेंडुलकरांच्या २०० व्या व अखेरच्या कसोटीत, ७४ धावांवर ते बाद झाले असता, सारे मैदान उभे राहिले. हा आदर २००६ सालीही त्यांचा हक्कच होता. आणि उतरत्या काळात जो हा आदर देऊ शकतो, त्यालाच चाहता म्हणावे.