संकेतस्थळांतर्गत शोध

संकेतस्थळांतर्गत शोध : एखाद्या संकेतस्थळावरील मजकुरातून वाचकाला हवे ते पान काढून देणारी सोय. गूगलसारख्या सार्वत्रिक शोधयंत्राला एखाद्या पानाचे महत्त्व इतरांनी त्याला दिलेल्या दुव्यांवरून जोखता येते. एकाच स्थळाच्या आत असे दुवे थोडे असतात. त्यामुळे इथे भिस्त मजकुरावर राहते, आणि वाचकाने टंकलेला शब्द व लेखकाने लिहिलेला शब्द यांची गाठ घालून देणे हेच सुधारणेचे मुख्य काम ठरते.

सर्वांत साधी रीत अक्षरक्रम जुळवण्याची. वर्डप्रेसचा मूळचा शोध असाच चालतो : लेखात ती अक्षरे त्या क्रमाने आहेत का, एवढेच पाहिले जाते. ऑक्टोबर २०१३ मध्ये आलेल्या ३.७ आवृत्तीपर्यंत तर निकाल निव्वळ तारखेनुसार लागत. नंतर शीर्षकात सापडलेल्या शब्दांना वरचे स्थान मिळू लागले. या रीतीतला दोष मराठीत चटकन उघडा पडतो. ‘कर’ शोधणाऱ्यापुढे मालमत्ता कराबरोबर ‘भाकरी’, ‘लवकर’ आणि ‘तेंडुलकर’ही येऊन पडतात. उलट ‘पाणी’ शोधणाऱ्याला ‘पाण्याचा प्रश्न’ सापडत नाही.

यावरचा पहिला उपाय म्हणजे उलटसूची. तीत प्रत्येक शब्दापुढे तो कोणकोणत्या पानांत आला आहे याची यादी आधीच तयार असते. कल्पना जुनी आहे. तेराव्या शतकात पॅरिसमध्ये ह्यू ऑफ सेंट शेर या डॉमिनिकन धर्मगुरूच्या देखरेखीखाली बायबलची अशी शब्दसूची हाताने तयार झाली होती. संगणकावर ती घरोघरी पोचवण्यात डग कटिंग यांनी १९९९ मध्ये लिहिलेल्या ल्यूसीन या शोधसाधनाचा वाटा मोठा आहे. सोलर आणि २०१० मध्ये आलेले इलास्टिकसर्च ही दोन्ही साधने ल्यूसीनवरच उभी आहेत.

छोट्या स्थळाला एवढा लवाजमा लागत नाही. मायएसक्यूएल, पोस्टग्रेस आणि एसक्यूलाइट या डेटाबेसांत संपूर्ण मजकुराचा शोध अंगभूत आहे; लुनरसारखे साधन तर सूची वाचकाच्या ब्राउझरमध्येच चालवते. मात्र आयती मिळालेली मूल्ये तपासून घ्यावी लागतात. मायएसक्यूएलच्या इनोडीबी प्रकारात तीनपेक्षा कमी चिन्हांचे शब्द मुळात सूचीत घेतलेच जात नाहीत. ‘घर’, ‘मत’, ‘वन’ हे शब्द दोन चिन्हांचे असल्याने तिथे गळतात. ही मर्यादा खाली आणून सूची पुन्हा बांधली की ते सापडू लागतात.

सापडलेल्या पानांतले वर कोणते ठेवायचे, हा पुढचा प्रश्न. केंब्रिजच्या कॅरेन स्पार्क जोन्स यांनी १९७२ मध्ये मांडले की जो शब्द थोड्याच लेखांत येतो तो शोधात अधिक वजनदार धरावा. ‘महाराष्ट्र’ हा शब्द शेकडो लेखांत असेल, ‘पाणलोट’ मोजक्याच. म्हणून दोन्ही टंकणाऱ्याला ‘पाणलोट’ असलेले लेख आधी दाखवणे योग्य. स्टीफन रॉबर्टसन आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात लंडनच्या सिटी विद्यापीठातील ओकापी प्रणालीत या विचारातून बीएम-२५ हे सूत्र घडवले. एखादा शब्द लेखात पन्नासदा आला म्हणून त्याचे वजन पन्नासपट होत नाही आणि लांबलचक लेखाला लांबीचा फुकटचा फायदा मिळत नाही, ही त्याची दोन वैशिष्ट्ये. २०१६ पासून ल्यूसीनमध्ये हेच सूत्र आपोआप लागू होते.

मराठीतली खरी मेहनत त्याआधी, शब्द सूचीत जाण्यापूर्वी करावी लागते. पहिली अडचण सांकेतांकांची. ‘ॲ’ या अक्षराला युनिकोडने २००८ मध्ये, ५.१ आवृत्तीत, स्वतंत्र सांकेतांक दिला; तोवर ते ‘अ’वर चंद्र चढवून लिहिले जाई. पडद्यावर दोन्ही सारखीच दिसतात, पण संगणकाच्या लेखी ती वेगळी आहेत आणि युनिकोडच्या प्रमाणीकरणानेही एक होत नाहीत. ‘ॲप’चे निम्मे लेख अशा वेळी न दिसता राहतात. देवनागरी आणि इंग्रजी अंकांचे तेच : लेखात १९७२ चा दुष्काळ देवनागरीत असेल आणि वाचकाने इंग्रजी अंक टंकले, तर दोहोंना एका रूपात आणल्याशिवाय जुळणी होत नाही. शब्द कुठे तोडायचा हेही साधनाला ठाऊक असावे लागते. पायथॉन या संगणकभाषेच्या अंगभूत रेजेक्स (नमुने जुळवणाऱ्या) साधनात काना-मात्रा शब्दाचा भाग धरल्या जात नाहीत. परिणामी ‘पाणी’चे ‘प’ आणि ‘ण’ असे दोन तुकडे पडतात.

दुसरी अडचण व्याकरणाची. इंग्रजीत प्रत्यय छाटण्यासाठी मार्टिन पोर्टर यांची १९८० ची पद्धत बरीचशी पुरते. मराठीत विभक्ती लागण्यापूर्वी शब्दच रूप बदलतो : पाऊस–पावसाचा, दूध–दुधात, ससा–सशाला. शिवाय शब्दयोगी अव्यये मागून चिकटतात, आणि ‘घराजवळच्यांनासुद्धा’ असा एक शब्द तयार होतो. त्यामुळे नुसते शेपूट कापून भागत नाही. सामान्यरूपाचे नियम, अपवादांची यादी आणि शब्दकोश असे तिन्ही लागते. २००८ मध्ये सुरू झालेल्या ‘फायर’ या भारतीय मूल्यमापन मंचाने हिंदी आणि बंगालीबरोबर मराठी वृत्तलेखांचा चाचणीसंग्रह उपलब्ध करून दिला. त्यावर प्रत्यय हलके छाटावेत की कडक, याच्या तुलना झाल्या.

जुना मजकूर असलेल्या स्थळांना तिसरी अडचण येते. १९६२ मध्ये राज्य शासनाने मान्य केलेल्या लेखनविषयक नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले. त्याआधीच्या पुस्तकांत ‘नांव’, ‘कांहीं’, ‘घरांत’ असे छापलेले असते. युनिकोडपूर्व फाँटांत साठवलेले लेख तर रूपांतर केल्याखेरीज शोधाला दिसतच नाहीत.

ऱ्हस्वदीर्घ आणि न-ण, श-ष यांतला फरक शोधापुरता पुसला, तर चुकीचे टंकणाऱ्यालाही उत्तर मिळते. पण मग ‘दिन’ आणि ‘दीन’ एकत्र होतात. हवे ते सगळे सापडणे आणि नको ते न येणे यांतली ही ओढाताण सिरिल क्लेव्हर्डन यांनी इंग्लंडमधील क्रॅनफील्ड येथे १९६० च्या दशकात मोजून दाखवली. म्हणून बहुतेक साधने मूळ रूप आणि सैल रूप दोन्ही साठवतात व तंतोतंत जुळणाऱ्याला वर ठेवतात.

समानार्थी शब्दांची यादी करताना शोधनोंदवही, म्हणजे वाचकांनी केलेल्या शोधांची नोंद, सर्वांत उपयोगी पडते. निकाल शून्य आलेले शब्द तीत वेगळे काढले, की वाचक ‘दवाखाना’ शोधतो आणि लेख ‘रुग्णालय’ म्हणतो, हे कळते. निकाल दिसूनही कुणी त्यावर क्लिक केले नाही, ही नोंदही तितकीच बोलकी. अर्थाच्या जवळिकीवर चालणारा सदिशशोध अशा जोड्या यादीशिवाय ओळखतो. पण विशेषनामे, कलमांचे क्रमांक आणि दुर्मीळ शब्द यांसाठी शब्दजुळणी अजून लागते, त्यामुळे दोन्हींचे मिश्रण वापरले जाते.

या नोंदवहीत वाचकांचे खासगी आयुष्य उतरते. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने संशोधनासाठी साडेसहा लाखांहून अधिक लोकांचे सुमारे दोन कोटी शोध नावांऐवजी क्रमांक घालून जाहीर केले. काही दिवसांत न्यूयॉर्क टाइम्सने त्यांतल्या एका क्रमांकामागची व्यक्ती तिच्याच शोधांवरून हुडकली. कंपनीने माहिती मागे घेतली, तोवर तिच्या प्रती सर्वत्र पसरल्या होत्या.